आजीची हाक ऐकू येणारा हेडफोन

मी कंटेंट रायटर आहे म्हटलं की लोकांना वाटतं, ही दिवसभर टाइप करत असणार. खरं तर दिवसाचा अर्धा वेळ मी ऐकत असते. क्लायंट दीड तासाचा पॉडकास्ट पाठवतो आणि म्हणतो, याचे तीन लेख करून दे. कधी डॉक्टरांची मुलाखत, कधी वेबिनार, कधी कुठल्याशा मीटिंगचं रेकॉर्डिंग, ज्यात पाच जण एकदम बोलतात. सहा-सात तास कानावर हेडफोन असतो. वर्क फ्रॉम होम करणाऱ्या तुमच्यापैकी बऱ्याच जणांची हीच गत असेल.

माझा हेडफोन मी पहिल्या पगारातून घेतला होता. जाडजूड, काळा, बाहेरचा आवाज पूर्ण बंद करणारा. बडोद्यातलं आमचं घर रस्त्याला लागून आहे, त्यामुळे हॉर्न, भाजीवाला, शेजारचं बांधकाम, सगळं एका बटणात गायब व्हायचं. फार भारी वाटायचं.

मागच्या मे महिन्यातली गोष्ट. आई-बाबा लग्नाला गेले होते, घरात मी आणि आजी. दुपारी मी माझ्या खोलीत एक लांबलचक मुलाखत ऐकत बसले होते. पाणी प्यायला म्हणून उठले, हेडफोन काढला, तेव्हा आजीचा आवाज आला. ती न्हाणीघराच्या उंबऱ्याशी पाय घसरून बसली होती. वीसेक मिनिटं हाका मारत होती. नशिबाने हाड मोडलं नव्हतं, घोटा टम्म सुजला होता. मी रडायच्या बेतात. आजीच मला म्हणाली, "अगं, मला वाटलं तू बाहेर गेलीस."

मी दोन खोल्या सोडून बसले होते.

त्या रात्री झोप लागली नाही, आणि दुसऱ्या दिवशी तो हेडफोन कानाला लावावासाच वाटला नाही. माझा आतेभाऊ साउंड एडिटिंग करतो. त्याला फोन करून सगळं सांगितलं, तर तो म्हणाला, "तू ओपन-बॅक का नाही वापरत? माझा जुना पडलाय, घेऊन जा." मी तो आणला, लावला, आणि पहिली प्रतिक्रिया अशी होती की हा बिघडलेला आहे. पंख्याचा आवाज येतोय, कुकरची शिट्टी येतेय, मग हेडफोनचा उपयोग काय? पण संध्याकाळी लक्षात आलं की चार तास झाले आणि मी एकदाही तो काढून कान चोळले नाहीत. तेव्हापासून मी या विषयाच्या मागे लागले आहे. आज तेच तुमच्याशी बोलायचं आहे.

पाठ उघडी म्हणजे नेमकं काय?

हेडफोनच्या वाटीत एक छोटा ड्रायव्हर असतो, त्यात पातळ पडदा असतो. तो पुढे-मागे थरथरतो आणि आवाज तयार होतो. आता पडदा थरथरला की आवाज जितका कानाकडे जातो, तितकाच मागच्या बाजूलाही जातो. नेहमीच्या, म्हणजे क्लोज्ड-बॅक हेडफोनमध्ये मागे प्लॅस्टिकची बंद वाटी असते. मागचा आवाज तिथे अडतो, भिंतीवर आपटतो आणि थोडाफार परत येऊन पुढच्या आवाजात मिसळतो. चांगल्या कंपन्या आत स्पंज वगैरे घालून तो जिरवतात, पण जागाच इतकी छोटी की पूर्ण जिरत नाही. रिकाम्या पिठाच्या डब्यात तोंड घालून बोलून बघा. आवाज घुमतो तो असा. ओपन-बॅकमध्ये वाटीच्या पाठीला जाळी असते, मागचा आवाज तिथून सरळ बाहेर निघून जातो. म्हणून गाणं डोक्याच्या आत कोंडल्यासारखं न वाटता थोडं बाहेर, आजूबाजूला वाजतंय असं वाटतं.

ही कल्पना तशी जुनी आहे. जर्मनीतल्या हॅनोव्हर शहराजवळ सेनहायझर कंपनी आहे. तिने १९६८ साली एचडी ४१४ नावाचा हेडफोन बाजारात आणला. जगातला पहिला ओपन हेडफोन म्हणून तो ओळखला जातो. फोटो शोधून बघा, मजेशीर दिसतो. पिवळ्याजर्द स्पंजच्या दोन चकत्या आणि वर बारीकशी पट्टी. तोवर हेडफोन म्हणजे कान झाकून टाकणारी भारदस्त वस्तू होती. यात कान आणि खोली यांच्यामध्ये जेमतेम स्पंज होता.

हे सगळं आवाजाबद्दल झालं. माझा प्रश्न वेगळा होता. कान का दुखत नाहीत?

दाबायची गरजच नसते

मला आधी वाटायचं, आराम म्हणजे मऊ गादी. जितकी जाड गादी तितका आराम. पण माझ्या काळ्या हेडफोनची गादीही मऊच होती की!

गोष्ट अशी आहे की बंद हेडफोनला दोन कामं करायची असतात. बाहेरचा आवाज आत येऊ द्यायचा नाही आणि आतला बास, म्हणजे ढोलाचा तो खालचा आवाज, बाहेर निसटू द्यायचा नाही. त्यासाठी गादी कानाभोवती हवाबंद बसायला हवी. मग गादीला रेक्झिनसारखं, हवा न जाऊ देणारं आवरण येतं, आणि हेडबँड डोक्याला घट्ट आवळतो. बरणीचं झाकण जसं घट्ट लागलं तरच कामाचं, तसं. ओपन-बॅकला बाहेरचा आवाज रोखायचाच नसतो. त्यामुळे बनवणाऱ्याला मोकळीक मिळते. पकड थोडी सैल ठेवता येते आणि गादीला हवा खेळेल असं कापड लावता येतं. सगळ्या कंपन्या ही मोकळीक वापरतात असं नाही, त्याबद्दल पुढे सांगते.

एक उदाहरण मला फार आवडलं. बायरडायनॅमिक ही दुसरी जर्मन कंपनी. तिचे डीटी ७७० प्रो आणि डीटी ९९० प्रो हे दोन हेडफोन शेजारी ठेवले तर सख्खी भावंडं वाटतात. तसाच सांगाडा, तशाच गोल मखमली गाद्या. मुख्य फरक पाठीचा. ७७० बंद, ९९० उघडा. कंपनी स्वतः पकडीचा जोर सांगते. ७७० चा साधारण ३.५ न्यूटन, ९९० चा २.८ न्यूटन. एक न्यूटन म्हणजे ढोबळमानाने शंभर ग्रॅमचं वजन. म्हणजे एकात साडेतीनशे ग्रॅमचा दाब, दुसऱ्यात पावणेतीनशे-तीनशेच्या आतबाहेर. आकडा वाचून वाटतं, यात काय एवढं? पण सत्तर ग्रॅम दिवसभर कानशिलावर दाबून धरा, मग कळेल.

चष्मा लावणाऱ्यांना तर हे लगेच पटेल. मी सातवीपासून चष्मा लावते. बंद हेडफोनमध्ये चष्म्याची काडी गादी आणि डोक्याच्या मध्ये सापडते आणि तासाभरात कानामागे ठणका लागतो. शिवाय काडीमुळे गादी थोडी उचलली जाते आणि बास निसटतो, म्हणजे दुखणंही आपलं आणि आवाजही गेला. मऊ कापडाच्या गादीत काडी रुतून बसते. उघड्या हेडफोनला फटीचं फारसं काही वाटत नाही, तो मुळातच फटींचा बनलेला आहे.

आणि कानातल्यांचं काय? हा मुद्दा मला एकाही रिव्ह्यूमध्ये वाचायला मिळाला नाही. बहुतेक रिव्ह्यू लिहिणाऱ्यांच्या कानात कुड्या नसाव्यात. आईने माझा काळा हेडफोन एकदा लावून पाहिला आणि पाच मिनिटांत काढला. कुडीची मागची फिरकी मानेत टोचत होती. म्हणून गादीचं भोक केवढं आहे आणि खोल किती आहे हे बघा. पूर्ण कान, कानातल्यासकट, आत मावला पाहिजे आणि आतल्या कापडाला टेकता कामा नये. कानाचा वरचा शेंडा तासन् तास कशाला तरी टेकलेला राहिला की तो असा काही हुळहुळतो की विचारू नका.

घाम, आणि स्वतःचाच आवाज

मे महिन्यातल्या बडोद्याबद्दल मी काही सांगायला नको. चेन्नई किंवा कोलकात्याला असाल तर तुम्ही मलाच सांगाल. रेक्झिनच्या गादीखाली कान म्हणजे प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलेली कोथिंबीर. उष्णता बाहेर पडत नाही, घाम वाळत नाही. काही वेळाने कान लाल होतो, खाज सुटते. कान सतत ओलसर राहणं बुरशीच्या संसर्गाला आमंत्रणच असतं, आणि आपल्यासारख्या दमट हवेत तो त्रास जास्त दिसतो. उघडी जाळी आणि कापडी गादी असेल तर थोडी तरी हवा फिरते. अगदी गार वाटतं असं मी म्हणणार नाही, उन्हाळा तो उन्हाळाच. पण कानाचं भजं होत नाही.

आता एक प्रयोग करा, आत्ता, वाचता वाचता. दोन्ही कानांत बोटं घाला आणि "आ" म्हणा. आवाज डोक्यात घुमला ना? आपण बोलतो तेव्हा हाडांमधूनही कंपनं कानाच्या नळीत पोहोचतात. एरवी नळीचं तोंड उघडं असतं, ती बाहेर निघून जातात. तोंड बंद केलं की आतच राहतात. नळीत घट्ट बसणाऱ्या इअरफोनमध्ये हे सगळ्यात जास्त जाणवतं, बंद हेडफोनमध्ये थोडं कमी. पण कमी असलं तरी दिवसभर ते चालू असतं. गिळलेलं ऐकू येतं. चिवडा खाल्ला तर डोक्यात रस्ता खणल्यासारखं वाटतं. आणि कॉलवर आपला आवाज आपल्यालाच विचित्र ऐकू येतो म्हणून आपण उगाच मोठ्याने बोलतो. माझ्या मीटिंग शेजारच्या काकूंना तोंडपाठ असायच्या. ओपन-बॅकमध्ये मी माझा आवाज नेहमीसारखा ऐकते, म्हणून नेहमीसारखी बोलते. घसा बसणं बंद झालं, हा मला न मागता मिळालेला फायदा.

काही लोकांना नॉइज कॅन्सलिंग सुरू केल्यावर कानात दडा बसल्यासारखं वाटतं, घाटात गाडी चढताना वाटतं तसं. मी त्यातलीच. तुम्हाला तसं होत नसेल तर नशीबवान आहात.

मग सगळेच ओपन-बॅक आरामदायी? अजिबात नाही

इथे माझ्या आतेभावाने मला वेळीच थांबवलं. मी उत्साहात काहीही ऑर्डर करायला निघाले होते.

पहिली गोष्ट वजन. सेनहायझरचा एचडी ६०० हा १९९७ पासून लोक वापरत आलेत, तो साधारण २६० ग्रॅमचा आहे. ऑडिओ-टेक्निका या जपानी कंपनीचा एटीएच-आर७०एक्स तर केबल सोडून २१० ग्रॅम. दुसऱ्या बाजूला प्लेनर मॅग्नेटिक नावाचा प्रकार असतो. त्यात चुंबकं मोठी लागतात, म्हणून तो जड. ऑडीझी कंपनीचा एलसीडी-२ अर्ध्या किलोच्या आसपास भरतो. आवाजाबद्दल लोक त्याची आरती ओवाळतात, आणि आवाज असेलही तसा. पण अर्धा किलो साखरेची पुडी डोक्यावर ठेवून सहा तास बसायचं, तेही मान लॅपटॉपकडे झुकवून? माझ्या मानेला ते झेपणार नाही.

दुसरी गोष्ट, ते वजन टेकतं कुठे. रुंद पट्टा असेल तर भार डोक्यावर पसरतो. एकेजी कंपनीचा के ७०१ हा नावाजलेला ओपन हेडफोन, हलका, गाद्या मोठ्या. पण त्याच्या सुरुवातीच्या पट्ट्याला आतून उंचवटे होते, आणि ते टाळूला टोचतात अशी अनेकांची तक्रार होती. पाठ उघडी असून उपयोग काय, जर डोक्यावर कुणी बोटं रोवून बसलं असेल?

पकडीचंही तसंच. एचडी ६०० नवीन असताना चांगलाच आवळतो, हे वापरणारे सगळेच सांगतात. वापरून तो सैलावतो. काही जण रात्रभर पुस्तकांच्या गठ्ठ्यावर ताणून ठेवतात. उलट अगदी सैल असेल तर खाली वाकून चार्जर लावायला गेलात की घसरून ताटात. थोडक्यात, पकड डोक्यागणिक वेगळी लागते. माझं डोकं लहान आहे, बाबांचं मोठं. त्यांना जो घट्ट वाटतो तो मला बरोबर बसतो.

आणि एक गोष्ट, जी मला सगळ्यात उशिरा समजली. कान आवाजानेही थकतो. काही ओपन हेडफोनमध्ये वरचे सूर टोकदार असतात. "स" आणि "श" अक्षरं सुईसारखी टोचतात. डीटी ९९० प्रोबद्दलही हे नेहमी बोललं जातं. गादी मखमली, पण वरचा आवाज तापट. सतार किंवा झांजा ऐकताना पहिल्या दहा मिनिटांत हा झगझगीतपणा आवडतो सुद्धा, दुकानात तर हमखास आवडतो. तीन तासांनी मात्र कपाळ दुखायला लागतं आणि कारण कळत नाही. ज्यांना माझ्यासारखं माणसांचं बोलणं ऐकायचं आहे त्यांनी ट्रायल घेताना गाणं लावू नये. बोलणं लावावं, आणि तेही कंटाळवाणं.

घ्यायच्या आधी घरात एकदा बघा

ओपन-बॅकची मोठी अडचण म्हणजे तो गळतो. तुम्हाला बाहेरचं ऐकू येतं तसंच बाहेरच्यांना तुमचं. ट्रेनमध्ये, ऑफिसात, झोपलेल्या बाळाशेजारी तो चालणार नाही. गाणं रेकॉर्ड करणारे लोक माइकसमोर बंद हेडफोनच लावतात, नाहीतर कानातलं संगीत माइकमध्ये शिरतं.

दुसरी अडचण जास्त महत्त्वाची आहे. बाहेरचा आवाज आत येतो, मग आपण नकळत व्हॉल्यूम वाढवतो. पंखा पाचवर असेल, खिडकीतून ट्रॅफिक येत असेल, तर बघता बघता आवाज कुठच्या कुठे जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने मोठ्या माणसांनी ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकावा, मुलांसाठी तीच मर्यादा ७५ डेसिबलची आहे. आणि दर ३ डेसिबल वाढले की वेळ निम्मा होतो. ८३ ला २० तास, ८६ ला १०. नव्वदच्या घरात गेलात तर आठवड्याचे जेमतेम ४ तास. माझ्यासारखीचं ते सोमवारी दुपारीच संपतील. त्यामुळे घर फार गोंगाटाचं असेल तर माझं मत सरळ आहे, ओपन-बॅक घेऊ नका. बंद हेडफोन कमी आवाजात ऐका आणि तासातासाने काढा. माझ्या पूर्वीच्या खोलीत, रस्त्याच्या बाजूला, हा प्रयोग फसलाच असता. मी टेबल उचलून मागच्या खोलीत नेलं, आजीच्या खोलीला लागून. तिथे खिडकीत फक्त एक पेरूचं झाड आहे आणि त्यावरचे पोपट.

छोट्या गोष्टी पटकन सांगते. यातले बरेच हेडफोन वायरचे असतात आणि तुमच्या फोनला ती पिन लावायला भोकच नसेल, तर छोटा अडॅप्टर लागतो. काहींना ताकद जास्त लागते. एचडी ६०० हा ३०० ओहमचा आहे, नुसत्या फोनवर तो मिणमिणता वाजू शकतो. खोक्यावरचा ओहमचा आकडा जितका मोठा, तितकी ही शंका घ्यायची. कापडी गादी घाम आणि डोक्याचं तेल दोन्ही पिते, म्हणून ती बदलता येते का ते विचारूनच घ्या. रेक्झिनचे तर आपल्या हवेत दोन-तीन वर्षांत पापुद्रे निघतात, काळे कण गालाला चिकटतात. रविवारी डोक्याला खोबरेल चोपडून हेडफोन लावणं मी बंद केलं आहे, म्हणजे, बहुतेक वेळा.

आणि परत करता येईल अशाच ठिकाणाहून घ्या. दुकानातली पाच मिनिटं काही सांगत नाहीत. घरी आणून चष्म्यासकट, कानातल्यांसकट, तुमच्या नेहमीच्या खुर्चीत दोन तास बसा. तुम्हाला तो लावल्याचं विसरायला झालं तर ठेवा.

आजीचा घोटा आता बरा आहे. ती काठी वापरत नाही, सांगून दमलो. तिने हाक मारली की मी पहिल्या हाकेला ओ देते. त्यामुळे आता ती जरा जास्तच हाका मारते, हे खरं आहे. "मनू, दूध उतू जाईल बघ." "मनू, दारात कोण आहे गं?" मुलाखत थांबवावी लागते, काम लांबतं, चिडचिडही होते कधी कधी.

परवा तिने दारात उभं राहून थोडा वेळ कान दिला. माझ्या हेडफोनमधून कुणी तरी म्युच्युअल फंडावर बोलत होतं, बारीक आवाज बाहेर येत होता.

"हा मेला सकाळपासून बडबडतोय," ती म्हणाली. "याला कुणी चहा दिला की नाही?"